हजेरी वहीतले तीन वाजून दहा

कुणी भुताची गोष्ट सांगायला लागलं की मी आधी एकच विचारते — किती वाजले होते, आणि कुणाच्या घड्याळात? बहुतेक लोक तिथंच चिडतात. आमच्या नांदेडच्या घरी मामेबहिणी मला बघून असले विषय बंदच करायच्या. "आली बाई सायंटिस्ट, आता सगळ्या मजेवर पाणी!" त्यामुळे मी स्वतः असं काही लिहायला बसेन, असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याची चांगलीच हजेरी घेतली असती. माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता. आजही आहे असं तोंडातून निघत नाही. पण घडलं ते घडलं, आणि त्यात माझी एक चूक आहे. ती सांगितल्याशिवाय बाकीचं सांगता येणार नाही.

मी पीएच.डी. करत होते तेव्हाची गोष्ट. विषय होता दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे कोवळे ग्रह. तारा नवा असतो तेव्हा त्याच्याभोवती वायू आणि धुळीची मोठी चकती फिरत असते, तिच्यातच ग्रह तयार होतात. ग्रह स्वतः सहसा दिसत नाही. तो जिथून फिरतो तिथली धूळ साफ होते आणि चकतीत एक काळा पट्टा पडतो. तो रिकामा पट्टा बघून आम्ही म्हणतो — इथं कुणीतरी असावं. माझा दादा याला "बारक्या ग्रहांची बालवाडी" म्हणायचा आणि सगळ्या पाहुण्यांना माझी ओळख तशीच करून द्यायचा.

माझ्या वाट्याला एक तारा, एक चकती आणि एक पट्टा आला होता. पट्ट्यात एक अगदी फिका ठिपका होता. मला वाटायचं तो ग्रह आहे, गाईड सरांना वाटायचं तो डाग आहे. या भांडणात चार वर्षं गेली, फेलोशिप संपली, पुण्यातली होस्टेलची खोली सोडावी लागली. आई आधीच गेलेली. बाबा आणि दादा नांदेडला. दादा म्हणाला, "घरी ये. इथल्या क्लासेसमध्ये फिजिक्सला माणूस मिळत नाही, तुला डोक्यावर घेऊन नाचतील." मी गेले नाही. घरी गेले असते तर थीसिस तिथंच संपला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी मधला मार्ग काढला — लातूर. संध्याकाळी एका क्लासमध्ये अकरावीची बॅच शिकवायची आणि सकाळ थीसिसची. लातुरात माझ्या ओळखीचं एकही माणूस नव्हतं. तेव्हा मला ते सोयीचं वाटलं होतं!

भाड्याच्या खोलीत माझी धरून चार कॉट होत्या. बाकीच्या तिघी रिपीटर, म्हणजे डॉक्टरकीच्या परीक्षेला दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा बसणाऱ्या. लॅपटॉप उघडायलाही जागा नाही. म्हणून एप्रिलमध्ये मी अभ्यासिका लावली. ट्युशन एरियात अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत. माझी होती एका झेरॉक्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, फक्त मुलींची, चोवीस तास उघडी. प्लायवूडच्या फळ्या मारून चाळीस जागा केलेल्या. नियम तीन. चपला बाहेर. मोबाईल दाराजवळच्या खोक्यात. आणि वहीत नाव, जागेचा नंबर, आल्याची वेळ, गेल्याची वेळ.

आता माझी चूक सांगते. हसू नका. आमच्या कामात सगळ्या नोंदी ग्रीनिचच्या वेळेत होतात. ती आपल्या मागे साडेपाच तास. माझी निरीक्षणं चिलीमधल्या एका दुर्बिणीवरून यायची. तिकडची रात्र म्हणजे आपली सकाळ. सारखी वजाबाकी नको म्हणून मी मनगटावरचं घड्याळ चार वर्षं ग्रीनिचवरच लावून ठेवलं होतं. भारताची वेळ बघायला मोबाईल होता... आणि मोबाईल तर खोक्यात! सकाळी आठ-चाळीसला मी जिना चढायचे, मनगटाकडे बघायचे आणि वहीत लिहायचे — तीन दहा. दुपारी एकला निघताना लिहायचे — साडेसात. सकाळ की रात्र, असा रकाना वहीत नव्हता. मला पत्ताच नाही.

मे महिन्याच्या सुरुवातीला परीक्षा झाली आणि तीन दिवसांत गल्ली रिकामी झाली. वडील लोक आले, गाद्यांच्या वळकट्या, बादल्या, पुस्तकांची खोकी जीपमध्ये टाकली आणि आपापल्या पोरी घेऊन गेले — कुणी जळकोट, कुणी निलंगा, कुणी पार अर्धापूर. माझ्या खोलीतल्या तिघीही गेल्या. एक जण जाताना "दीदी, येते" म्हणाली, तेव्हा मला कळलं की तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकते आहे. मेस बंद, चहाची टपरी बंद. चाळीस जागांच्या त्या हॉलमध्ये मी एकटी. संध्याकाळी बॅचला शिकवताना काय बोलेन तेवढंच दिवसाचं बोलणं. मला फार एकटं वाटायचं. दादाचा फोन आला की "मस्त चाललंय" म्हणायचे, आणि ठेवला की रडायचे. ठिपका डागच आहे असं मलाही वाटायला लागलं होतं, पण ते म्हणायला तरी समोर कुणी हवं ना.

अभ्यासिका बघायला चंद्रकलामावशी होत्या. पन्नाशी उलटलेल्या, जिन्याच्या तोंडाशी असलेल्या बारक्या खोलीत राहायच्या. दिवसभर दार उघडंच असायचं. रात्री त्या आतून कडी लावत आणि कुणी आलं की उठून काढत. सकाळी आठपासून दुपारपर्यंत त्या दवाखान्यापाशी एका मेसमध्ये पोळ्या लाटायला जात. त्यामुळे पहिल्या दिवशी त्यांनी मला कोपऱ्यातली जागा दाखवली, त्यानंतर आमची गाठच पडली नव्हती.

मे संपत आला होता. त्या दिवशी चिलीहून आलेल्या फाईली उतरायला फार वेळ लागला आणि मी अडीचपर्यंत बसून राहिले. मावशी डबा घेऊन जिना चढल्या. हाताला अजून पीठ होतं.

"अगं बया, म्याडम! आज अजून हितंच? रोज तर साडेसातला जाता."

"साडेसातला? मी एकला जाते, मावशी."

"वहीत लिव्हलंय की तुमीच. तीन दहाला येनार, साडेसातला जानार. अन् मीच उठून कडी काढते न्हवं रोज."

मी मनगटाकडे बघितलं आणि खो खो हसत सुटले. कितीतरी दिवसांनी हसत होते. मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. चूक दिसली की दुरुस्त करायची ही माझी जुनी खोड. वहीच्या शेवटच्या पानावर मी पृथ्वी काढली, सूर्य काढला, हे लातूर, हे ग्रीनिच, असं सगळं समजावलं. "म्हणजे रात्री तीनला मी कधीच आले नाही, मावशी. मी येते पावणेनऊला. तुम्ही तेव्हा मेसवर असता."

मावशींनी चित्रातल्या लातूरवर पिठाचं बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "मग रातच्याला कोन येतंय?"

मी म्हटलं, स्वप्न पडत असेल. वहीतली वेळ वाचून मनात बसली असेल. त्यांना ते पटलं नाही. मग मीच एकेक विचारायला लागले, जशी डेटाची उलटतपासणी घेतात तशी. किती वाजता येते? "उशाला गजराचं घड्याळ हाय. तीनच्या म्होरं." कोण येतं? "तुमी." चेहरा बघितला का? "बगितला की. मान खाली घालून येता. वहीत लिव्हता. कोपऱ्यात बसता. पुस्तक न्हाई, कंपूटर न्हाई, नुसतं भिताडाकडं बगत. मी म्हनलं, अभ्यास लई झाला लेकराला."

"मी काही बोलले?"

"न्हाई. ह्या गल्लीत कोन बोलतंय?" आणि मग सहज, डबा उघडता उघडता, "एवढ्या उन्हाळ्यात त्ये करडं स्वेटर घालून येता, म्हनून मी पंखा बारीक करते. खांद्यावर उसवलंय. शिवून देऊ का इचारनार होते."

इथं माझं हसू थांबलं.

माझ्याकडे करडं स्वेटर आहे. डोंगरावरच्या एका वेधशाळेत गेले होते तेव्हा घेतलेलं, आणि तिथंच घुमटाच्या दारात अडकून खांद्यावर उसवलेलं. पण ते मी लातूरला आणलंच नव्हतं. लातूरच्या मे महिन्यात कोण स्वेटर आणेल? मी खोक्यातून मोबाईल काढून दादाला फोन लावला, घरातली माझी ट्रंक उघडायला लावली. "हे काय, इथंच आहे, डांबरगोळ्यांच्या वासाचं. काय झालं गं?" म्हणाला. मी काही नाही म्हणून ठेवून दिला.

मग मी वही चाळली. मेच्या मध्यावर बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी चार दिवस नांदेडला होते. त्या चार तारखांपुढे चार ओळी होत्या. माझं नाव, माझ्या जागेचा नंबर, तीन दहा, साडेसात. अक्षर माझंच. माझा सात मी आडवी रेघ मारून काढते, तोही तसाच. पोरी गेल्यापासूनच्या बाकी तारखांना तशाच दोन-दोन ओळी होत्या. मी रोज खालच्या रिकाम्या ओळीत लिहून मोकळी व्हायचे, वर कधी बघितलंच नव्हतं. मी त्या पानाचा फोटो काढला. तो फोटो गायब वगैरे झालेला नाही, अजून माझ्याकडे आहे. ज्यांना दाखवला ते म्हणतात, तूच आधी लिहून ठेवलं असशील. असेन, बापा. पण कशाला?

मी वही मिटून लांब सारली. मावशी मात्र घाबरल्या नव्हत्या. त्यांचा चेहरा वेगळाच झाला होता, हातातलं काही खाली पडून फुटल्यावर होतो तसा. डबा तसाच बाजूला सारून त्यांनी मला त्यांचं सांगितलं.

त्यांचं गाव भूकंपाच्या पट्ट्यातलं. भूकंपाच्या वर्षी त्या बहिणीच्या बाळंतपणासाठी माहेरी गेल्या होत्या. गणपती बुडवून गाव झोपलं आणि पहाटे चारला जमीन हलली. नवरा, सासू, दोन वर्षांचा मुलगा. "सांगायला आलेल्या मानसानं एकेक नाव घेतलं. मी म्हनलं, आता ऱ्हायलं कोन त्ये सांगा. तर त्यो गप." तेव्हापासून रोज चारच्या आधी त्यांचा डोळा उघडतो आणि उजाडेपर्यंत जमिनीला हात लावून बसावं लागतं. ही नोकरी त्यांनी मुद्दाम धरली होती. इथं रात्रभर दिवे असतात, पोरी जाग्या असतात. "कुनी जागं असलं की मला जिमिनीचं भ्या वाटत न्हाई." पण दर मे महिन्यात पोरी जातात. मग त्या पहाटे तीनला कुलूप लावून एसटी स्टँडवर जाऊन बसायच्या, कारण तिथं तरी माणसं असतात.

"औंदा गेले न्हाई," मावशी म्हणाल्या. "तुमी येत होता. तुमी जागंवर बसला की मी लवंडायची, अन् डोळा उघडायचा तर ऊन आलेलं. चार कवा वाजले कळायचंच न्हाई. इतक्या वर्सांत पयल्यांदा." मग माझ्याकडे बघून, रागानं नाही, अगदी हळू म्हणाल्या, "कामून सांगितलंत?"

मला कुणी विचारलंच नव्हतं, तरी मी सांगितलं होतं. चित्र काढून.

त्या रात्री कुणी आलं नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. मी रोज दुपारी मावशींसाठी थांबायला लागले. "आली?" "न्हाई." त्या पुन्हा पहाटे स्टँडवर जायला लागल्या. आठ दिवसांत डोळे खोल गेले. मेसमधून येताना जिन्यावर दोनदा बसायच्या. मी म्हटलं, मावशी, मी येते ना तीनला, खरंच येते, माझं काय, कुठंही बसून काम करायचं. त्यांनी मान हलवली. "तुमी आलात तर माज्यासाठी आलात, ह्ये डोक्यात ऱ्हाईल. मग मी तुमच्याकडं बगत बसंन. तिच्याकडं बगाया लागत न्हवतं." मी खुळ्यासारखं वहीत मुद्दाम तीन दहा लिहूनही बघितलं. मावशींनी ते दुपारी पाहिलं आणि बोटानं ओळीवर टिचकी मारली. "आता ह्ये खोटं हाय."

एक मात्र झालं, आम्ही दुपारी एकत्र जेवायला लागलो. त्या भाकरी आणि मेसमधली आमटी आणायच्या. मी त्यांना लॅपटॉपवर माझी चकती दाखवली, पट्टा दाखवला, ग्रह कसा ओळखतात ते सांगितलं. मावशींनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजी रिकामी जागा दिसली की कुनीतरी हाय म्हनायचं? बरंय की तुमचं. आमच्यात उलटं असतंय." मी ते वाक्य थीसिसच्या वहीत लिहून ठेवलं होतं. सरांना काही दाखवलं नाही.

जूनमध्ये नवी बॅच आली. पुन्हा वळकट्या, पुन्हा बादल्या, रात्रभर दिवे. मावशी माणसात आल्या. माझा ठिपका मात्र शेवटी डागच निघाला. नव्या फोटोत तो तिथं नव्हता. थीसिस मी नुसत्या पट्ट्यावर दिला, तो पासही झाला, आणि मी नांदेडला परत आले. आता मी इथं क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. दादाचं लग्न झालं, तो वेगळा राहतो. बाबा गेल्या वर्षी गेले. घरात मी असते. मुलं हुशार आहेत, कॉलनी चांगली आहे, तक्रार करावी असं काही नाही.

गेल्या मे महिन्यात एका दुपारी लातूरहून फोन आला. मेसमधल्या कुणाच्या तरी मोबाईलवरून मावशी बोलत होत्या. नमस्कार नाही, कशा आहात नाही.

"आली."

मला नाव विचारावं लागलं नाही. "कधी?"

"आज पाच रात्री झाल्या. पोरी गेल्या त्याच रातीपासून."

"बोलली काही?"

"न्हाई. मी बी इचारलं न्हाई. मागल्या बारीला तुमाला इचारलं अन् घालवून बसले."

"वहीत लिहिते का?"

"वही मी उचलून आत ठिवली. कशाला पायजे वही?"

यावर माझ्याकडे काही स्पष्टीकरण आहे का, असं तुम्ही विचाराल. एका मैत्रिणीनं सांगितलं, एकटी माणसं झोपेत चालतात. माझी खोली अभ्यासिकेपासून दहा मिनिटांवर होती, तेव्हा जमतं. पण नांदेडच्या चार दिवसांचं काय, ट्रंकेतल्या स्वेटरचं काय? आणि आता मी लातूरपासून इतक्या लांब झोपलेली असताना तिथं कोण जिना चढतं? मावशींचा भास म्हणावं, तर वहीतलं अक्षर माझं आहे. मी चार वर्षं एका ठिपक्याची शंभर प्रकारे तपासणी केली आणि तो काय आहे ते शेवटी सांगू शकले. हे मला सांगता येत नाही. लातूरला जाऊन स्वतः बघायचंही मी टाळलं आहे. मी गेले आणि ती परत यायची बंद झाली, तर मावशींनी कुठं बसायचं?

फोन ठेवण्याआधी मी एकच विचारलं. "मावशी, ती... बरी आहे का?"

मागे मेसमधल्या पातेल्यांचा आवाज येत होता.

"त्या वर्सी लई एकलकोंडी दिसायची वो. आता न्हाई. आता मी आत झोपत न्हाई, तिच्या खुर्चीपाशीच वाकळ टाकते. ती बसते, मी झोपते. दोघी असतो."

मी बरं म्हणून फोन ठेवला. मला भीती वाटायला हवी होती. मला तिचा हेवा वाटला.